जायला गाव असतं तर

नरसाक्का, तुझा लेक व्यंकू काल दुपारच्या गाडीनं भिवंडीला परत गेला. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. माग बंद ठेवून त्याला आणखी राहता येत नव्हतं. तुझे दिवस त्यानं नीट केले, कुठं कमी पडला नाही. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस.

आता माझं. ठेकेदाराला उत्तर द्यायचं अजून राहिलंय. शिमग्याच्या आत कळवा म्हणाला होता, आणि शिमगा तर आलाच. परत भंडाऱ्याला जायचं, की इथं नगरातच राहायचं? तुझंमाझं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच झालं. तू एक वाक्य बोललीस, भिंतीकडं तोंड केलंस, आणि पुढच्या आठवड्यात गेलीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बायांच्या वर्गाच्या बाईंना हे कळलं. त्या म्हणाल्या, बोलायचं राहिलं ते लिही, आपल्या भिंतीवरच्या अंकात लावू. मी म्हटलं, चौथीतून शाळा सोडलेल्या बाईचं कोण वाचणार? त्या म्हणाल्या, गल्लीतल्या बाया वाचतील, गल्ली काय लहान आहे? म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळू नको. तसं एकच गोष्ट दहादा ऐकायची तुला सवय होती, आणि दहादा सांगायचीही.

आम्ही नगरला आलो ते पानांच्या मागं. बिडीचं पान टेंभुर्णीच्या झाडाचं, आणि टेंभुर्णी आमच्याकडच्या जंगलात. ठेकेदार उन्हाळ्यात पान तोडून वाळवून पोत्यांनी इकडं पाठवतो. ती पोती उतरवून घ्यायला, वाळवी लागू न देता गोदामात ठेवायला त्याला आपला माणूस हवा होता. आमच्या ह्यांना त्यानं पाठवलं. एका वर्षाचं बोलणं होतं. मला रडू आलं तेव्हा माय म्हणाली, एक साल तर आहे, डोळ्यांची पापणी मिटली की संपते.

तोफखान्याच्या मागच्या ह्या गल्लीत खोली मिळाली. आजूबाजूला सगळी तुझी माणसं, तेलुगू बोलणारी, पुरुष मागावर नाहीतर भिवंडीला, बाया दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या. पहिल्या दिवशी मी कळशी घेऊन तुझ्या दाराशी उभी राहिले.

"बाई, मले थोडंसं पानी पायजे होतं."

तू हातातला दोरा दातांत धरून वर बघितलंस. "कुठली गं? हिंदीवाली का?"

"नाई वं. मराठी आहो."

तू दोरा सोडलास आणि गल्लीभर ओरडलीस, "आगं बगा गं, ही मराठी हाय म्हनं, आन् हिला मराठीच येत न्हाई!"

सगळ्या बाया हसल्या. मला तर रडू फुटायची वेळ आली. घरात येऊन ह्यांना म्हटलं, तेलुगू बाईनं मले मराठी येत नाई म्हटलं, मी इथं राहणार नाही. हे म्हणाले, तिची मराठी ऐकली का तू? नगरची पक्की आहे. तिच्याकडून शीक.

तसंच झालं. बिडी वळायला तूच शिकवलंस आणि नगरची बोलीही. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्री फिरवायची, आदल्या संध्याकाळी पान भिजवून ओल्या पोत्यात बांधून ठेवायचं, तंबाखू चिमटीनं नाही, बोटांच्या बेचक्यातून सोडायची. मधेमधे, "मले न्हाई, मला म्हन." "काहून काय? का म्हन." माझा हात बसायच्या आधी जीभ बसली. दोन वर्षांनी माहेरी गेले, तर माय जेवताना म्हणाली, "पोरी, हे हाय अन् न्हाई काय लावलं वं? सासर बदललं का तुझं?" सगळे हसले. मीही हसले, पण पुढं त्या घरात तोंड कमीच उघडलं. हे तुला मी आल्या आल्या सांगितलं होतं. तू म्हणालीस, "हसू दे. हसनारी असत्यात तवर बरं असतं."

माझ्या मंजूच्या बाळंतपणाच्या वेळी हे पानाची पोती बघायला श्रीरामपूरकडं गेलेले. पोटात कळ आली तशी मी भिंत धरून बसले. तू टांगा आणलास, सरकारी दवाखान्यात नेलंस, आणि नर्सबाईनं "पेशंटची कोण?" विचारल्यावर "आई हाय" म्हणून मोकळी झालीस. नर्सबाईनं तुझं कपाळ, तुझं नाकातलं, तुझं लुगडं पाहिलं आणि माझं तोंड पाहिलं. कागदावर मात्र आई असंच लिहून घेतलं. घरी आल्यावर रोज मिऱ्याचं ते तिखट पाणी, ज्याला तू चारू म्हणायचीस, वाटीभर समोर बसून पाजलंस. तुझ्या त्या दिवसांच्या बिड्या बुडाल्या. मी एकदा विषय काढला तर म्हणालीस, "लेकीचं बाळंतपन कुनी धरून ठेवतं का?" त्यानंतर ह्यांना तू जावई म्हणायला लागलीस. हेही लाजत लाजत "काय सासूबाई" म्हणायचे.

मग शिरगणती आली. मास्तर दारोदार फिरत होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आधी तुझं दार.

"आजी, मातृभाषा?"

"तेलुगू."

"जन्म कुठला?"

"ह्याच खोलीत. त्या कोपऱ्यात. दाखवू?"

"नको, नको. मूळ गाव कोणतं?"

"मूळ म्हंजी? मी तर हितंच उगवले."

मास्तर हसले आणि माझ्याकडं वळले. माझी मातृभाषा मराठी. जन्म भंडारा जिल्हा. मी आपलं खरं ते सांगावं म्हणून म्हटलं की मी शाळेत होते तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, नकाशाही तसाच होता, महाराष्ट्र नंतर झाला. मास्तर म्हणाले, त्यानं आता फरक पडत नाही. मग गंमत म्हणून म्हणाले, "तसं बघितलं तर बाई, जन्मानं तुम्ही दुसऱ्या प्रांतातल्या, आणि ह्या आजी मुंबई इलाख्यातल्या. म्हणजे इथल्याच."

झालं! त्या दिवसापासून गल्लीत तू मला "ए परप्रांतीन" अशी हाक मारायला लागलीस. मी कांदा मागायला आले तरी, "परप्रांतातल्या लोकांला कांदा न्हाई." मीही म्हणायची, "अक्का, मी मराठी, तू तेलुगू, परप्रांतीण तू." तू म्हणायचीस, "मी हितं साठ वर्सं हाय. तू काल आलीस. भाषा काय तिकीट हाय का?" हेच आपलं मोठं भांडण. सूप मांडीवर, हात चालू, आणि तोंडं चालू. कोण इथलं आणि कोण बाहेरचं. मी म्हणायची, जिथली भाषा तिथलं माणूस. तू म्हणायचीस, जिथं हात चालला तिथलं माणूस. तुझे आजोबा निजामाच्या मुलखातून, करीमनगरकडून, चालत आले, कारण तिकडं माग बंद पडले होते आणि इकडं लुगडी विकत होती. नगरच्या बायांनी लग्नात नेसलेली लुगडी तुझ्या बापाच्या मागावरची. हे सांगताना तुझी मान ताठ व्हायची.

वर्तमानपत्र मी मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही बाया वळायच्या. पूर्वेकडून लाखो माणसं देश सोडून आली, छावण्यांत राहतात, त्यांच्यासाठी आपल्या तिकिटांवर जादा कर बसला, हे मी वाचलं. तू हात थांबवलास. "म्हंजी चालत आलेली?" मी म्हटलं, हो, चालत. तू म्हणालीस, "माझ्या आज्यासारखी," आणि पुढचं पान उचललंस. त्यानंतर बसच्या तिकिटावरून कुरकूर केली की तू त्या बाईला गप्प बसवायचीस.

मागचं साल तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पाऊस नाही. पाथर्डीकडची माणसं खडी फोडायला लागली, शहरात आली, पुलाखाली राहिली. रेशनवर तांबडा मिलो मिळायला लागला, ज्वारीसारखा, अमेरिकेहून जहाजात बसून आलेला. भाकरी थापली तर तुटायची, गिळली तर पोटात दगड. तू म्हणायचीस, "बग शेवंतम्मा, ह्याला कुनी इचारत न्हाई तू कुठला. गपगुमान गिळत्यात."

शेवंतम्मा. मला माहेरी शेवंता म्हणतात, ह्यांच्याकडं शेवंताबाई. शेवंतम्मा फक्त तू केलंस, आणि मग गल्लीनं.

त्या दुष्काळातच बतुकम्मा आली. वाचणाऱ्या बायांना सांगायला नको, पण बाईंना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. नवरात्रात तुमच्या तेलुगू बायांत ताटात फुलांची उतरंड रचतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि मग ती देवी पाण्यात सोडतात. मागच्या साली फुलं नव्हती. माळावर तरवडाला मात्र थोडी पिवळी फुलं आली होती. ते झाड पाण्याची वाट बघत नाही. तू आणि मी तारकपूरच्या पलीकडं जाऊन ओच्यातून आणली. एवढीशी वीतभर बतुकम्मा झाली. बाया म्हणाल्या, बाळ बतुकम्मा. फेर झाला, गाणी झाली, आणि सोडायची कुठं? सीना नदी कोरडी. विहिरीत गाळ. मग तू पान भिजवायचं मोठं पातेलं पुढं केलंस. "हेच गंगा," म्हणालीस. सगळ्यांनी नमस्कार केला आणि देवी पातेल्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते सगळी गल्ली जाणते. पातेलंभर पाणी बघून माझा जीव तुटला. एवढं पाणी फेकायचं? मी वरची फुलं काढली आणि त्याच पाण्यात तुझं आणि माझं पान भिजवलं. मला काय माहीत, की देवी सोडलेलं पाणी झाडाला घालतात, कामाला नाही! तू पातेल्यात वाकून बघितलंस. पलीकडच्या म्हातारीनं कपाळावर हात मारला, तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलली. मी घाबरून विचारलं, "अक्का, काय म्हणाली?" तू म्हणालीस, "म्हनती, ह्या वर्साची देवी आता लोकं ओढून टाकनार." आणि मग जी हसायला लागलीस, की खोकल्याची उबळ आली तरी थांबेनास. कारखान्यात बिड्या तपासणाऱ्यानं एका बिडीतून पिवळी पाकळी काढून दाखवली, "हे काय?" तू म्हणालीस, "वास बगा. ह्या वर्सी गिऱ्हाईक वाढंल." त्यानं ती बिडी बाजूला टाकली, बाकीच्या घेतल्या.

ती उबळ मात्र पुढं थांबलीच नाही. तंबाखूची धूळ म्हणाले, दवाखान्यात म्हणाले दमा. तू म्हणालीस वय.

संक्रांतीनंतर टँकर सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. गर्दी, शिव्या, फुटलेल्या घागरी. मग नव्या मंडळाची पोरं व्यवस्था लावायला आली. पुढं दिगू, आपल्या कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातला, जो लहानपणी तुझ्या ओट्यावर गोट्या खेळायचा. दिगूनं दोन रांगा केल्या. म्हणाला, आधी आपली मराठी माणसं, मग बाकीचे.

मी तुझ्यामागं उभी होते. दिगूनं मला हात केला, "वहिनी, तुम्ही इकडं या." मी हलले नाही. भीती ही, की हलले तर तुझ्याकडं कशी बघू, आणि नाही हलले तर हा पोरगा उद्या ह्यांना काही बोलेल. तू वळलीस आणि तुझी घागर माझ्या हातात दिलीस.

"जा. हीपन ने."

"अक्का..."

"ने म्हनते ना. हिला मराठी येतं."

रांगेतल्या बाया तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. एकीनं तिची कळशी माझ्या काखेत दिली, दुसरीनं बादली पुढं सरकवली. "हिलापन येतं," "हिची चौथी झाली." दिगू तांबडा झाला. मग तू त्याच्याकडं गेलीस, कमरेवर हात ठेवून. "दिगंबरा, तुझ्या आजीचं लगनातलं लुगडं कुनाच्या मागावरचं, इचार जा घरी. आन् ही शेवंतम्मा पाच सालामागं आली, तिला तू पुढं घेतो, मला मागं. तुझा बाप तरी माझ्याआधी आला का हितं? माझ्या मांडीवर हुता तो."

दिगू टँकरच्या मागं निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून रांग एकच झाली. तो सुधारला असं मला वाटत नाही, त्याला हसतात हे त्याला सोसवलं नाही. पण त्या संध्याकाळी तू खोलीत बसलीस तेव्हा तुझी कात्री पत्र्याबाहेर जायची. पान नीट कापलं जाईना. मी कात्री काढून घेतली. तेव्हा तू पहिल्यांदा ती वेमुलवाड्याची गोष्ट सांगितलीस.

नवऱ्याबरोबर तिथल्या देवाला गेली होतीस, तरुण होतीस. तिथून आज्याचं गाव जवळ, म्हणून गेलीस. चुलतभावाच्या घरी पानावर बसलात. तू तोंड उघडलंस आणि घरातल्या पोरी हसायला लागल्या. तुझं तेलुगू त्यांना जुनं, वाकडं वाटलं, मधेमधे मराठी शब्द. त्यांनी तुझं नाव मराठीवाली ठेवलं. "तिथं मी मराठी," तू म्हणालीस, "आन् हितं दिगू म्हनतो तेलंगी." मग म्हणालीस, "चहा कर."

मी चहा केला. भांडण त्या दिवशी झालं नाही.

मग ठेकेदाराचा निरोप आला. आमच्याकडं टेंभुर्णीची झाडं छाटायला सुरुवात झालीय, उन्हाळ्यात पान तोडायचं, यंदा ह्यांना तिकडंच मुनीम म्हणून ठेवतो, कायमचं. इथं दुसरा माणूस पाठवतो. हे आनंदानं घरी आले. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं. मी म्हटलं, हो, बरं झालं. आणि चूल पेटवताना काडी तीनदा विझली.

ह्यांनी सगळं सरळ सांगितलं. नाही म्हटलं तर गोदामाची किल्ली जाईल. इथल्या कारखान्यात पान निवडायला घेतो म्हणालेत, पण ते आजचं आज, उद्याचं उद्या. तिकडं घर आहे, भाऊ आहेत, माय आहे. आणि मंजू? मंजू इथं जन्मली, गल्लीत तेलुगू बोलते, घरात हाय-न्हाई बोलते, आमच्याकडची बोली तिला येत नाही. मी ज्या गावाला घर म्हणते, तिथं माझी लेक बाहेरची होणार. हे मला कुणाला सांगता येईना. म्हणून तुझ्याकडं आले.

तू पडून होतीस. बोलताना मधे थांबायचीस. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, तू म्हणशील, राहा. खरं तर त्यासाठीच आले होते.

"जा," तू म्हणालीस.

"अक्का, तूच तर म्हणायचीस, जिथं हात चालला तिथलं माणूस."

"मी लई काय म्हनते."

"मग इथं माझा हात चालला नाही का?"

"चालला. आता तिकडं चालव."

मला राग आला. मी म्हटलं, "तू कधी गेलीस का? दिगूनं मागं ढकललं तरी गेलीस का?"

तेव्हा तू ते बोललीस. "मला जायला गाव असतं, तर मी कवाच गेले असते." आणि भिंतीकडं तोंड केलंस.

इतकी वर्षं तू ताठ मानेनं नगरची, आणि खरं काय तर जायला जागा नव्हती म्हणून? मग आपलं सगळं भांडण काय होतं? मी उठून आले, दार पुढं ओढून घेतलं. त्यानंतर तुला बोलायला जमलंच नाही नीट. व्यंकूला तार केली, तो आला, आणि तू गेलीस.

तुमच्यात बाया रडताना बोलतात. गेलेल्या माणसाला सगळं सांगतात, रागावतात, विचारतात. त्या तेलुगूत बोलत होत्या. मला त्यातलं थोडंच कळत होतं. मी माझ्या भाषेत रडले, म्हणजे खऱ्या माझ्या, माहेरच्या. "काहून गेली वं माय." कुणी हसलं नाही.

परवा संध्याकाळी व्यंकू आमच्याकडं जेवायला बसला होता. तुझ्या खोलीचं काय करायचं, हे बोलणं चाललं होतं. मी सहज म्हटलं, अक्काला तिकडं करीमनगरकडं आपलं असं काही उरलंच नव्हतं, नाही का?

व्यंकूचा हात ताटातच थांबला. "कुणी सांगितलं?"

"तीच म्हणाली."

त्यानं एक घोट पाणी घेतलं. मग म्हणाला, "बाप गेला तेव्हा आईचा चुलतभाऊ न्यायला आला होता. खास. म्हणाला, आज्याच्या घराची अर्धी जागा तुझी आहे, मी कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही भिंत बांधून देतो. बिड्यांचं काम तिकडंही आहे. हा पोरगा माझा समज."

"मग?"

"आई म्हणाली, आलात तर भाकरी खाऊन जा." व्यंकू हसला. "चार दिवस बसला होता मामा. रोज विचारायचा. ही रोज त्याला कालवण वाढायची. शेवटी गेला. मीपण भिवंडीला किती वेळा बोलावलं! म्हणायची, पान भिजत घातलंय."

मी भांडी घेऊन मोरीशी गेले. हे व्यंकूशी बोलत होते. मी पुष्कळ वेळ एकच ताट घासत बसले.

म्हणजे तुला गाव होतं, अक्का. भिंत बांधून द्यायला माणसं होती. तू गेली नाहीस. आणि मला खोटं सांगितलंस. मला मोकळं करायला. मी तुझ्यासाठी अडकू नये, तुझ्या खोकल्यासाठी, तुझ्या पातेल्यासाठी माझ्या नवऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून. जाताना मला वाईट वाटू नये, म्हणून तू स्वतःचं साठ वर्षांचं म्हणणं एका वाक्यात खाली टाकलंस. एवढी महाग वस्तू मला आजवर कुणी दिली नाही. माझ्या मायनंसुद्धा नाही.

पण त्यानं माझं काम सोपं झालं नाही. आता तू सांगितलंस ते ऐकू, की तू केलंस ते करू?

मला भीती वाटते, हे तुला लपवून काय करू? दिगूसारखे वाढतील. आज भाषेवरून मला पुढं घेतात, उद्या आणखी कशावरून मागं करतील. ह्यांचं काम आजचं आज, उद्याचं उद्या. माय थकलीय, तिच्याकडं मी वर्षाला एकदाच जाईन, आणि तीही अशीच एकदा जाईल, मला नुसती तार येईल. हे सगळं मी मोजून बघितलं. आणि तरी, काल मंजू तुझ्या ओट्यावर बसून तुझ्या भाषेत भांडत होती, इतकं फाडफाड, की समोरचा पोरगा उठून गेला. ती कुणाची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

एवढं लिहून काल रात्री झोपले. आज सकाळी हे शर्ट घालून उभे राहिले. "जाऊन सांगतो आज. काय कळवू?"

मी म्हटलं, "कळवा, येत नाही."

हे म्हणाले, "तुझ्या मायले काय सांगशील?"

"खरं ते."

"काय खरं?"

मी पातेल्याकडं बघितलं. मग म्हटलं, "की माझं पान भिजत घातलंय."

ह्यांना हसू आलं, आणि मग हे हसायचे थांबले, कारण मी हसत नव्हते. चप्पल घातली आणि गेले.

तर हे असं आहे, अक्का. तू जा म्हणालीस आणि मी राहिले. आजवर आपल्या दोघींत शेवटचा शब्द नेहमी तुझा असायचा, मी उठून गेले तरी तू मागून ओरडून तो माझ्यापर्यंत पोचवायचीस. आज मी दारात उभी राहून थोडा वेळ थांबले होते. कुणी ओरडलं नाही. म्हणून या वेळचा शब्द माझा.